स्पीकरला विचारून ॲम्प्लिफायर घ्या

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, ॲम्प्लिफायर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक पहिला प्रश्न वॉटचा विचारतं. ‘किती वॉटचा आहे?’ दुकानदार आकडा सांगतो आणि बहुतेक वेळा मोठ्या आकड्याचं यंत्र विकलं जातं. प्रश्न रास्त आहे, फक्त तो फार लवकर विचारला जातो. ॲम्प्लिफायर एकटा वाजत नाही. तो कोणता स्पीकर हलवणार, हे ठरल्याशिवाय त्याच्या वॉटला अर्थ येत नाही. एका घरात ८ वॉटचा ॲम्प दिवाणखाना दणाणून सोडतो, तर दुसऱ्या घरात १०० वॉटचाही मध्येच दम तोडतो. यंत्रं दोन्ही चांगली असतात, जोडी जमलेली नसते.

गैरसमजाची सुरुवात स्पीकरच्या पाठीवर चिकटवलेल्या चिठ्ठीपासून होते. तिच्यावर ठळक अक्षरांत ‘१०० वॉट’ लिहिलेलं असतं आणि माणूस तेवढ्याच वॉटचा ॲम्प शोधू लागतो. वास्तविक तो आकडा स्पीकरची सहनशक्ती सांगतो. आतल्या व्हॉइस कॉइलची बारीक तार किती उष्णता सोसेल, याचा तो अंदाज आहे. अशा स्पीकरला चांगलं वाजायला १०० वॉट लागतातच असं नाही, आणि १५० वॉटचा ॲम्प जोडला म्हणून तो जळतोच असंही नाही. व्हॉल्यूमचं बटण अखेर तुमच्याच हातात असतं.

कामाचा आकडा त्याच चिठ्ठीवर किंवा सोबतच्या माहितीपत्रकात जरा बारीक अक्षरात असतो. ‘८६ डेसिबल, २.८३ व्होल्ट, १ मीटर.’ ही सेन्सिटिव्हिटी. स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले आणि १ मीटरवर मायक्रोफोन ठेवला, तर किती आवाज भरतो, ते ती सांगते. २.८३ हा विचित्र आकडा घेण्याचं कारण सरळ आहे. ८ ओहमच्या भाराला तेवढे व्होल्ट दिले की बरोबर १ वॉट खर्च होतो. मात्र भार ४ ओहमचा असेल, तर तेवढ्याच व्होल्टला २ वॉट जातात. म्हणून ४ ओहमच्या स्पीकरची ८८ डेसिबल सेन्सिटिव्हिटी ही वॉटच्या हिशेबात ८ ओहमच्या ८५ डेसिबलइतकीच असते. माहितीपत्रकं शेजारी ठेवून तुलना करताना हा फरक सहज नजरेतून सुटतो.

डेसिबलचं गणित दोन वाक्यांत मावतं. ३ डेसिबल वाढवायचे तर वॉट दुप्पट लागतात, १० डेसिबल वाढवायचे तर दहापट. आणि आपल्या कानाला आवाज ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबलची वाढ लागते. म्हणजे ५० वॉटच्या ॲम्पऐवजी १०० वॉटचा घेतला की आवाज दुप्पट होत नाही, जेमतेम जाणवण्याइतका वाढतो. वॉटच्या मागे धावणाऱ्याने एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ पैसे वाचतील.

आता प्रत्यक्ष हिशेब करू. समजा ८६ डेसिबलचे दोन स्पीकर आहेत आणि तुम्ही त्यांच्यापासून ३ मीटरवर बसला आहात. मोकळ्या मैदानात एवढ्या अंतरावर आवाज साडेनऊ डेसिबलने उतरला असता. घरात भिंती त्यातला काही परत देतात, म्हणून ६ डेसिबलची घट धरू. दोन स्पीकर मिळून ३ डेसिबलची भर पडते. म्हणजे प्रत्येकी १ वॉट दिला की तुमच्या खुर्चीपाशी ८३ डेसिबल मिळतात. ख्यालगायनाचं ध्वनिमुद्रण घरात ऐकताना सरासरी पातळी ७५ डेसिबलच्या आसपास असली, तरी ते भरपूर वाटतं. त्याला किती वॉट लागले? एका वॉटचा सहावा हिस्सा. तंबोरा, हार्मोनियम आणि विलंबित आलापी एवढ्यात निभावते.

पण तबलजी समेवर येताना डग्ग्यावर थाप मारतो, तेव्हा तो एक क्षण सरासरीच्या १५ ते २० डेसिबल वर उसळी घेतो. ७५ वरून ९५ गाठायचे तर आपल्या हिशेबात १६ वॉट लागतात. रंगात येऊन तुम्ही व्हॉल्यूम ६ डेसिबलने वाढवला, तर त्याच थापेला ६४. सहाव्या हिश्शापासून चौसष्टपर्यंतचा हा पल्ला एकाच गाण्यातला आहे. ॲम्पचे वॉट लागतात ते या क्षणांसाठी. तिथे ते कमी पडले की थाप बोथट होते, आणि दोष ध्वनिमुद्रणाचा आहे असं आपण समजून चालतो.

हीच थाप दुसऱ्या स्पीकरवर लावून पाहू. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, होप या छोट्या गावी पॉल क्लिप्श यांनी १९४६ साली क्लिप्शहॉर्न विकायला सुरुवात केली. माणसाच्या छातीपर्यंत येणारा हा भोंग्याचा स्पीकर मुळात खोलीच्या कोपऱ्यातच ठेवावा लागे, कारण कोपऱ्याच्या दोन भिंतीच त्याच्या भोंग्याचा शेवटचा भाग होत. कंपनी त्याची सेन्सिटिव्हिटी १०५ डेसिबल सांगते. आपल्या १६ वॉटच्या थापेला त्याला वॉटचा पाचवा हिस्सा पुरतो. दुसऱ्या टोकाला बीबीसीचा एलएस३/५ए. बाहेरच्या कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण करणाऱ्या गाड्यांतल्या दाटीवाटीत बसावा म्हणून बीबीसीच्या अभियंत्यांनी सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात तो घडवला. उंची फूटभर, पेटी हवाबंद, सेन्सिटिव्हिटी ८२-८३ डेसिबल. त्याच थापेसाठी त्याला ८ ओहमवर ३५ वॉट देणारा ॲम्प हवा. मानवी आवाजाचा तो आजही मानदंड समजला जातो. दोन्ही स्पीकर नावाजलेले, पण त्यांच्या भुकेत शंभरपटीहून जास्त अंतर आहे.

मग सगळे स्पीकर १०५ डेसिबलचे का बनवत नाहीत? याचं उत्तर १९५४ सालच्या एका शोधात आहे. त्या वर्षी अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात एडगर व्हिलचर आणि हेन्री क्लॉस यांनी अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली आणि एआर-१ हा स्पीकर आणला. तोवर खोल बेस हवा तर कपाटाएवढी पेटी ठेवावी लागे. व्हिलचर यांनी पेटी हवाबंद केली आणि कोनाला मागे खेचण्याचं काम आत कोंडलेल्या हवेकडून करून घेतलं. पेटी एकदम लहान झाली, बेस खोल राहिला. मोल द्यावं लागलं ते सेन्सिटिव्हिटीच्या रूपात. क्लॉस यांनी पुढे आणखी दोघांबरोबर केएलएच ही कंपनी काढली. त्या कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी एक अँटन हॉफमन. लहान पेटी, खोल बेस आणि भरघोस सेन्सिटिव्हिटी या तिन्हींपैकी फक्त दोनच एका वेळी मिळतात, हा नियम त्यांच्या नावाने ओळखला जातो. पेटी तेवढीच ठेवून बेस एक सप्तक खाली न्यायचा असेल, तर कार्यक्षमता आठव्या हिश्शावर येते. म्हणजे ९ डेसिबल गेले आणि वॉट आठपट लागले.

आपल्या शहरांतल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये क्लिप्शहॉर्नला कोपरा मिळणं कठीण. टीव्हीच्या कपाटावर किंवा स्टँडवर बसणारे बुकशेल्फ स्पीकरच घरोघर दिसतात आणि त्यांची सेन्सिटिव्हिटी साधारण ८४ ते ८८ डेसिबल असते. हॉफमन यांच्या नियमातली लहान पेटी आपण जागेपायी आधीच निवडलेली असते. म्हणून आपल्याकडे ४०-५० वॉटच्या खालच्या ॲम्पने सहसा भागत नाही.

इथवर वॉटचं झालं. खरी गंमत इम्पिडन्समध्ये आहे, आणि माझ्या मते ॲम्पच्या निवडी सर्वांत जास्त चुकतात त्या इथेच.

स्पीकरवर ‘८ ओहम’ लिहिलेलं असतं, तो नावापुरता आकडा आहे. स्पीकरचा विरोध स्वराबरोबर बदलतो. खालचे स्वर वाजवणाऱ्या वूफरच्या नैसर्गिक कंपनसंख्येपाशी तो २०-३० ओहमवर चढतो, तिथून थोडं वर, साधारण १०० ते २५० हर्ट्झच्या पट्ट्यात, दरीत उतरतो, वूफर आणि वरचे स्वर वाजवणारा ट्विटर जिथे काम वाटून घेतात त्या क्रॉसओव्हरपाशी पुन्हा वर जातो. आंतरराष्ट्रीय मानक म्हणतं की नावापुरता आकडा ८ असेल, तर ही दरी ६.४ ओहमच्या खाली जाता कामा नये. पण ८ ओहमचे म्हणून विकले जाणारे अनेक स्पीकर ४ ओहमपर्यंत किंवा त्याहूनही खाली जातात. आता ही दरी कुठे पडते ते पाहा. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास असतो आणि तिथून वरचा पंचम २०८ च्या. म्हणजे गायक जिथे सर्वांत जास्त वेळ रेंगाळतो, नेमका तिथेच स्पीकर ॲम्पकडून सर्वांत जास्त करंट मागतो.

करंटचा हिशेब असा. २० व्होल्ट देणारा ॲम्प ८ ओहमच्या भारात अडीच अँपिअर सोडतो, म्हणजे ५० वॉट. ४ ओहमला त्याला ५ अँपिअर द्यावे लागतात, २ ओहमला १०. सपाट रस्त्यावर कोणतीही गाडी पळते. माणसं आणि सामान भरून खंबाटकीचा घाट चढायची वेळ आली की इंजिनाची ओढ कळते. ॲम्पचा घाट म्हणजे ही दरी. ज्याचा ट्रान्सफॉर्मर लहान, कपॅसिटर तोकडे आणि हीट सिंक पातळ, तो इथे तापतो, आवाज पिळवटतो किंवा संरक्षक रिले टक्कन पाडून गप्प होतो.

हे दुकानात ओळखायचं कसं? माहितीपत्रकात ८ ओहमचे वॉट बघा आणि लगेच ४ ओहमचे बघा. ५० चे १०० होत असतील, तर वीजपुरवठा भक्कम आहे. ५० चे ७५-८० होत असतील, तरी बहुतेक घरांना चालेल. ४ ओहमचा आकडा छापलेलाच नसेल, किंवा मागच्या बाजूला ‘किमान ६ ओहम’ अशी ताकीद असेल, तर अवघड स्पीकर त्याच्या गळ्यात बांधू नका. एनएडी कंपनीचा १९७८ सालचा ३०२० हा ॲम्प कागदावर अवघ्या २० वॉटचा होता. पण कमी ओहमच्या भारावर क्षणभरासाठी तो त्याच्या कितीतरी पट ताकद लावू शकत असे आणि याच गुणावर तो जगभर खपला. कागदावर ७०-८० वॉट मिरवणारे त्याच्या काळातले कितीतरी ॲम्प आज कुणाला आठवतही नाहीत.

स्पीकरचा इम्पिडन्सचा आलेख मिळाला तर उत्तमच. परदेशी मासिकं परीक्षणाबरोबर तो छापतात. नाही मिळाला, तर मल्टिमीटर घ्या, स्पीकरच्या वायरी ॲम्पपासून सोडवा आणि टर्मिनलांवर ओहम मोजा. हा फक्त डीसी विरोध झाला, आलेख नव्हे. तरी तो पुष्कळ सांगून जातो. ८ ओहमच्या स्पीकरला साडेपाच-सहाच्या आसपास आकडा दिसतो, ४ ओहमच्या स्पीकरला तीन-सव्वातीन. चिठ्ठीवर ८ आणि मीटरवर ३.३ दिसले, तर चिठ्ठीवर विश्वास ठेवू नका.

उंच टॉवर स्पीकरांच्या बाबतीत हा सापळा हमखास असतो. त्यांत दोन-तीन वूफर समांतर जोडलेले असतात, त्यामुळे सेन्सिटिव्हिटी ९० च्या पुढे दिसते आणि ‘हा सोपा स्पीकर, छोट्या ॲम्पवर चालेल’ असं वाटतं. पण समांतर जोडणीने इम्पिडन्स निम्म्यावर किंवा तिसऱ्या हिश्शावर आलेला असतो. वॉट कमी लागतात हे खरं, करंट मात्र दाबून लागतो. हाच नियम ॲम्पवरच्या ‘ए + बी’ या बटणाला लागू पडतो. हॉलमधले ८ ओहमचे आणि बेडरूममधले ८ ओहमचे स्पीकर एकदम चालू केले की बहुतेक ॲम्पना ४ ओहमचा भार दिसतो.

आता व्हॉल्व्हच्या ॲम्पकडे येऊ, कारण गेल्या काही वर्षांत त्यांची ओढ पुन्हा वाढली आहे आणि जोडी जुळवण्याचं महत्त्व त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाच्या बाबतीत नाही. वेस्टर्न इलेक्ट्रिकने तीसच्या दशकात काढलेला ३००बी हा व्हॉल्व्ह आजही रसिकांचा लाडका आहे. एकेका चॅनेलला एक याप्रमाणे तो वापरला, तर साधारण ८ वॉट देतो. १०५ डेसिबलच्या भोंग्याला ८ वॉट म्हणजे चैन, ८४ डेसिबलच्या बुकशेल्फला उपासमार.

वॉटपलीकडेही एक बाब आहे. चांगल्या ट्रान्झिस्टर ॲम्पचा स्वतःचा अंतर्गत विरोध ओहमच्या शतांशांत असतो. साध्या व्हॉल्व्ह ॲम्पचा १, २, कधी ३ ओहमही असतो. समजा तो २ ओहम आहे आणि स्पीकर ४ पासून २० ओहमपर्यंत हिंदकळतो आहे. जिथे स्पीकर २० ओहमचा, तिथे ॲम्पचा जवळजवळ सगळा व्होल्टेज त्याला मिळतो. जिथे ४ ओहमचा, तिथे एक तृतीयांश ॲम्पच्याच पोटात जातो. दोन ठिकाणच्या आवाजात पावणेतीन डेसिबलचा फरक पडतो, आणि तो कानाला स्पष्ट कळतो. म्हणजे त्या ॲम्पवर तो स्पीकर, तो घडवणाऱ्याने ठरवलेल्या तोलात वाजतच नाही. काहींना हा बदल गोड लागतो, त्याबद्दल वाद नाही. पण तो कुठून येतो हे माहीत असावं. व्हॉल्व्ह ॲम्पला जोडायचे तर जास्त सेन्सिटिव्हिटीचे आणि शक्यतो सपाट इम्पिडन्सचे स्पीकर शोधा. ॲम्पच्या मागच्या बाजूला ४ आणि ८ ओहमची वेगळी टर्मिनलं असतात. स्पीकरच्या आकड्याप्रमाणे सुरुवात करा आणि दुसऱ्या टर्मिनलवरही ऐकून बघा. स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचा ॲम्प मात्र कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

भोंग्याच्या स्पीकरांची आणखी एक मागणी असते आणि ती वॉटची नव्हे, शांततेची. ८५ डेसिबलच्या स्पीकरवर ॲम्पची जी सूं-सूं ऐकूच येत नाही, ती १०५ डेसिबलच्या स्पीकरवर २० डेसिबल वर येते. रात्री खोली निवांत असताना ती सतत कानाशी राहते. शिवाय असा स्पीकर सारा वेळ एका वॉटच्या आतच वाजतो, त्यामुळे ॲम्पचा पहिला वॉट किती स्वच्छ आहे यावर सगळं अवलंबून. २०० वॉटचा पण पहिल्या वॉटला खरखरीत असलेला ॲम्प इथे उपयोगाचा नाही.

पातळ पडद्याचे स्पीकर हे एक निराळंच जग आहे. इंग्लंडमधल्या हंटिंग्डनच्या पीटर वॉकर यांनी १९५७ साली क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिक बाजारात आणला. त्यात कोन नाही, व्हॉइस कॉइल नाही. विद्युतभारित पातळ पडदा दोन सच्छिद्र पत्र्यांच्या मध्ये थरथरतो. ॲम्पच्या दृष्टीने हा स्पीकर जवळजवळ कपॅसिटरच असल्यामुळे स्वर जितका उंच, तितका इम्पिडन्स खाली जातो. तो क्वाडच्याच १५ वॉटच्या व्हॉल्व्ह ॲम्पसाठी आखलेला होता. पुढे लोकांनी त्याला मोठे ट्रान्झिस्टर ॲम्प जोडले, व्होल्टेज मर्यादेबाहेर गेला, आत ठिणग्या पडून पडदे भाजले. क्वाडच्याच १९७५ सालच्या ४०५ या ॲम्पला या स्पीकरसाठी व्होल्टेज रोखणारी जोडणी करावी लागे. जास्त वॉट म्हणजे जास्त सुरक्षित, हा समज या स्पीकरपाशी पार कोलमडतो.

उलट अमेरिकेतल्या मॅग्नेपॅनचे पडदे. दिसायला तसेच, पण काम चुंबकावर चालतं. त्यांचा इम्पिडन्स ४ ओहमच्या आसपास बऱ्यापैकी सपाट राहतो, म्हणजे ॲम्पला डोकेदुखी नाही. सेन्सिटिव्हिटी मात्र कमी, म्हणून ४ ओहमवर न थकता १००-२०० वॉट देणारा ॲम्प त्यांना लागतो. आणि अवघडपणाचं टोक म्हणजे ऐंशीच्या दशकातला अपोजी सिंटिला. त्याचा इम्पिडन्स १ ओहम. क्रेलसारखे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके ॲम्प सोडले, तर बाकीचे त्याच्यासमोर टिकत नसत.

ॲम्पच्या क्लासबद्दल, म्हणजे त्याच्या आतल्या रचनेच्या प्रकाराबद्दल, लोक फार बोलतात, तेवढी त्याची गरज नाही. क्लास ए सुंदर वाजू शकतो, पण चॅनेलमागे २५ वॉटचा असला, तरी गाणं चालू असो वा नसो, किमान १०० वॉट सतत खातो आणि त्यांची उष्णता खोलीत सोडतो. विदर्भातल्या मे महिन्यात याचा विचार करूनच घ्या. क्लास एबी हा वर्षानुवर्षं पारखलेला मधला मार्ग. क्लास डी सुमारे ९० टक्के कार्यक्षम असतो, थंड राहतो आणि लहान जागेत मावतो. ब्रूनो पुटझेज यांच्यासारख्या अभियंत्यांनी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्याला अशा पातळीवर नेलं आहे की तो हलक्या प्रतीचा, ही जुनी समजूत आता सोडून द्यायला हवी. भुकेल्या, कमी ओहमच्या स्पीकरांना आज परवडणाऱ्या किमतीत भरपूर करंट द्यायचा, तर चांगला क्लास डी हा मला सर्वांत शहाणा पर्याय वाटतो.

चांगला, हा शब्द इथे जपून वापरला आहे. ऑनलाइन मिळणाऱ्या तळहाताएवढ्या ॲम्पवर ‘१०० वॉट + १०० वॉट’ लिहिलेलं असतं. सोबतचा ॲडॅप्टर उलटा करून वाचा. त्यावर २४ व्होल्ट, साडेचार अँपिअर असं काही दिसेल. गुणाकार १०८ वॉट, तोही दोन्ही चॅनेल मिळून. २४ व्होल्टवर असा ॲम्प ८ ओहमच्या स्पीकरला कागदावरही ३६ वॉटच्या पुढे स्वच्छ आवाज देऊ शकत नाही, प्रत्यक्षात त्याहून कमीच. लहान खोलीत, ८८ डेसिबलच्या सोप्या स्पीकरला हे यंत्र छान वाजवेल आणि पैसे वसूल करेल. फक्त ते ३० वॉटचं समजून घ्या, १०० चं नव्हे. नव्वदच्या दशकात टू-इन-वनवर हजारो वॉट ‘पीएमपीओ’ छापून येत. त्या आकड्याला कोणतंही मोजमाप नव्हतं. अमेरिकेत वॉट कसे मोजून जाहीर करायचे याचा सरकारी नियम १९७४ सालीच आला. आपण निदान आरएमएस वॉट, किती ओहमवर आणि किती चॅनेल एकदम चालवून मोजले, एवढे तीन प्रश्न विचारू शकतो. होम थिएटरच्या रिसीव्हरना तिसरा प्रश्न हमखास विचारा. एकच चॅनेल चालवून मोजलेले १०० वॉट पाचही चॅनेल चालू झाले की बरेच खाली येतात.

लहान ॲम्प मोठा स्पीकर जाळतो, हे ऐकायला उलटं वाटतं, पण घडतं. ॲम्पची मर्यादा संपली की लाटेचे माथे सपाट कापले जातात. पूर्ण चौकोनी झालेली लाट तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट शक्ती वाहते, आणि त्यातला काही वाटा ट्विटरकडे वळतो. ट्विटरची तार केसासारखी बारीक, ती आधी जाते. सोसायटीच्या कार्यक्रमात घरचा ॲम्प आणि बुकशेल्फ स्पीकर नेले की दुसऱ्या दिवशी ट्विटर मुके सापडतात, त्याचं कारण बहुधा हेच असतं. आवाज चरचरू लागला की व्हॉल्यूम लगेच खाली आणा.

डॅम्पिंग फॅक्टरच्या, म्हणजे स्पीकरचा इम्पिडन्स ॲम्पच्या अंतर्गत विरोधाच्या किती पट आहे हे सांगणाऱ्या, मोठमोठ्या आकड्यांवर भाळू नका. अडीच चौरस मिलिमीटरच्या ५ मीटर तांब्याच्या वायरचा जाऊन-येऊन विरोध ०.०७ ओहम भरतो, तो ॲम्पच्या विरोधाहून जास्त असू शकतो, आणि स्पीकरच्या आतल्या कॉइलचा तर सहा ओहम. चांगल्या जाडीची तांब्याची वायर घ्या, आखूड ठेवा, पुढे चला. मंगल कार्यालयात किंवा देवळात वापरतात तसल्या पीए ॲम्पला १०० व्होल्ट लाइनची वेगळी टर्मिनलं असतात. घरचे स्पीकर चुकूनही त्यांना जोडू नका. आणि परदेशातून कुणी जुना ॲम्प आणणार असेल, तर मागची पट्टी आधी वाचायला सांगा. अमेरिकेतला १२० व्होल्टचा असतो, जपानच्या घरगुती बाजारातला १०० चा. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये तो एकदाच चालू होईल. पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो आणि त्याची किंमत आधीच हिशेबात धरावी.

ॲम्प ज्यांच्या पोटातच असतो, अशा ॲक्टिव्ह स्पीकरांत हा सगळा खटाटोप कारखान्यातच उरकलेला असतो. ज्याला यंत्रांच्या जोड्या लावण्यात रस नाही, फक्त गाणं ऐकायचं आहे, त्याने तिकडे जरूर वळावं.

बाकीच्यांना माझं सांगणं असं. आधी स्पीकर पक्के करा. त्यांची सेन्सिटिव्हिटी, सर्वांत खालचा इम्पिडन्स आणि तुमच्या खुर्चीचं अंतर कागदावर लिहून दुकानात जा. ॲम्प शक्यतो दोन-चार दिवस घरी आणून, ओळखीच्या ध्वनिमुद्रणावर ऐका. फ्लॅटच्या हॉलमधल्या ८५ ते ८८ डेसिबलच्या बुकशेल्फ जोडीला ८ ओहमवर ५०-६० वॉट आणि ४ ओहमवर त्याच्या दीडपट तरी देणारा साधा, दोन चॅनेलचा इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर पुरेसा आहे. त्याहून मोठ्या ॲम्पसाठी बाजूला काढलेले पैसे स्पीकरवर खर्च करा.